पोलला एरंडेल लावू नका: मल्लखांब आणि पोल यांतला खरा फरक

पोल फिटनेसचा, म्हणजे उभ्या धातूच्या दांड्यावर करायच्या व्यायामाचा, विषय निघाला की मराठी घरात एक वाक्य हमखास येतं: ‘म्हणजे आपला मल्लखांबच की, फक्त स्टीलचा!’ म्हणणारा कौतुकानेच म्हणतो. पण याच समजुतीवर विसंबून लोक घरात रेलिंगचा पाइप बसवून घेतात, हाताला तेल चोळतात, पळत येऊन उडी मारतात आणि खांदा दुखावून बसतात. मल्लखांब आणि पोल यांत कुणी कुणाचं उचललं हा वाद इथे बाजूला ठेवू. घरी पोल घेऊन सुरुवात करायची असेल तर दोन्हींत नेमकं काय वेगळं आहे ते आधी कळायला हवं.

मल्लखांब तुम्हाला ठाऊक आहे. सागवानी किंवा शिसवी, खाली जाड आणि वर निमुळता, मान, बोंड, जमिनीत पुरलेला, एरंडेल चोळलेला. पोल म्हणजे जमिनीपासून छतापर्यंत सलग, एकाच जाडीचा धातूचा पोकळ नळा. स्पर्धेतला पोल ४५ मिलिमीटर व्यासाचा आणि ४ मीटर उंच असतो. त्याला वर मोकळं टोक नाही, त्यामुळे बोंडावरची आसनं तिथे संभवत नाहीत. हे सगळं डोळ्यांना दिसतं आणि त्यात कुणी फसत नाही. लोक फसतात ते पकडीत.

मल्लखांबाचा बुंध्याशी घेर अर्ध्या मीटरच्या आसपास असतो. तो मुठीत मावत नाही, कवळावा लागतो. वजन दंड, छाती, मांड्या आणि तळपाय अशा मोठ्या भागावर वाटलं जातं. एवढी कातडी लाकडावर घासली तर सोलून निघेल, म्हणून एरंडेल. ते दाट असतं, थोडं लाकडात मुरतं आणि उरलेलं जळजळीपासून वाचवतं. दाबून धरायची ताकद आपल्या स्नायूंची, तेल फक्त घर्षण आटोक्यात ठेवतं.

पोलवर हे गणित उलटं आहे. ४५ मिमी व्यासाचा घेर साधारण १४ सेंटिमीटर होतो, म्हणजे मूठ जवळजवळ मिटते. सगळं वजन तळहात, गुडघ्यामागची खाच आणि मांडीच्या आतल्या बाजूची चार बोटं रुंद पट्टी एवढ्यावरच येतं. इथे तुम्हाला तोलून धरतं ते उघड्या, स्वच्छ कातडीचं धातूवरचं घर्षण. धातूत तेल मुरत नाही, त्याचा पातळ थर वरच राहतो आणि हात सुटतो. मल्लखांबावर जे तेल सांभाळून घेतं तेच पोलवर पाडतं. एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढचे बहुतेक निर्णय आपोआप सुटतात.

सरावाच्या दिवशी आंघोळीनंतर खोबरेल नाही, बॉडी लोशन नाही. आदल्या रात्री पायांना लावलेलं क्रीमसुद्धा सकाळी मांडीवर जाणवतं. सुरू करण्याआधी आणि मधेमधे पोल सर्जिकल स्पिरिटने पुसायचा, सुती किंवा मायक्रोफायबरच्या फडक्याने, वरून खाली. पुसल्यावर तो सुकेपर्यंत थांबा. टाल्कम पावडर लावू नका, ती घसरवते. हाताला फार घाम येत असेल तर जिमवाले वापरतात ते लिक्विड चॉक चालेल. राळ मात्र नको. ती पोलच्या क्रोमच्या मुलाम्यावर चिकटून बसते, मग पोल खरवडत बसावं लागतं.

कपड्यांवरून घरात कुरबूर होते, म्हणून हे स्पष्टच लिहायला हवं. आखूड शॉर्ट्स दिखाव्यासाठी नसतात. लेगिंग्ज घालून पोलवर बसायचा प्रयत्न करा, सरळ खाली याल. अंगठी, बांगड्या, पैंजण, कमरेची साखळी आधी काढून ठेवायची. अंगठीने क्रोमवर चरा पडला की तो मांडीला कायम बोचत राहतो.

हवेचाही प्रश्न पकडीचाच आहे. मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत तळहात सतत ओले. उलट एसी १८ वर ठेवला तर पोल गार पडतो आणि कातडी रुक्ष होते, तेव्हाही हात सुटतो. पंखा चालू ठेवा, अंग नीट तापवा आणि पोललाही तळहातांनी चोळून, दोनतीनदा चढउतर करून ऊब द्या.

आता धातू. क्रोम सगळ्यात जास्त चालतं आणि नवख्याने तेच घ्यावं. निकेलने ज्यांना पुरळ येतं, म्हणजे खोट्या कानातल्यांनी ज्यांचे कान सुजतात, त्यांनी क्रोमऐवजी स्टेनलेस स्टील घ्यावं. त्याची पकड क्रोमपेक्षा जरा कमी असते. समुद्रकाठी राहणाऱ्यांनी पितळेचा विचार जरूर करावा. घामट हातांना त्यावर क्रोमपेक्षा चांगली पकड मिळते. ते काळवंडतं आणि घासावं लागतं, पण पॉलिशचा अंश राहिला तर पोल निसरडा होतो. तेव्हा घासल्यावर धुऊन, स्पिरिटने पुसूनच वापरा. पावडर कोटिंगचा, म्हणजे रंगाची पूड भाजून बसवलेला पोल ‘पकड जास्त’ म्हणून नवख्यांच्या गळ्यात मारला जातो, ते पटत नाही. त्यावर कातडी इतकी अडते की साधा स्पिन, म्हणजे पोलभोवतीची गिरकी, शिकतानाही मांडी सोलते. सिलिकॉनचा पोल कपडे घालून करायच्या प्रकारांसाठी ठीक, पण त्यावर घसरत उतरता येत नाही, म्हणून पहिला पोल तो नको.

जाडी ४५ मिमी. हात फारच लहान असतील तर ४० चालेल, पण बाहेर क्लासला गेलात तर तिथे बहुधा ४५ च भेटेल. ५० मिमी नवख्याच्या पंजाला विनाकारण दमवतो.

आता तो रेलिंगचा पाइप. हार्डवेअरच्या दुकानात स्टेनलेस पाइप सहसा दीड किंवा दोन इंची मिळतो, म्हणजे ३८ किंवा ५१ मिमी. मधलं हवं ते माप मिळत नाही. वर त्याची भिंत एक-दीड मिलिमीटरची, कारण तो फक्त कठड्याला टेकण्यासाठी बनवलेला असतो. माणूस झोके घेऊ लागला की तो वाकतो किंवा वेल्डिंगला तडा जातो. फॅब्रिकेटरने कितीही खात्री दिली तरी घेऊ नका. स्वस्तातले ‘पार्टी’ पोलही याच वर्गातले. विकत घेताना वजनाची मर्यादा लेखी बघा आणि सांध्यावरून नख फिरवा. नख अडलं तर उद्या मांडीही अडणार.

दुसरी गोष्ट म्हणजे पोल उभा कशावर राहतो. मल्लखांब जमिनीत पुरलेला असतो, म्हणून पळत येऊन त्यावर झेप घेता येते. घरगुती पोल बहुतेक वेळा दाबावर बसतो. खालचा भाग फिरवून पोल लांबवायचा आणि तो जमीन व छत यांच्यात घट्ट दाबून बसवायचा. वरचं टोक केवळ दाब आणि घर्षणावर टिकलेलं असतं, त्यामुळे धावत येऊन मारलेली उडी त्याला आडवा धक्का देते. अशा पोलवर पळत येऊन चढायचं नाही, कधीच नाही. मल्लखांबाची सवय असलेल्यांना ही सवय मोडणं सगळ्यात जड जातं.

छत आरसीसी स्लॅबचं किंवा बीमचं हवं. पीओपी किंवा जिप्समच्या फॉल्स सीलिंगवर पोल टेकवला तर तो बोर्ड फोडून वर जातो. फॉल्स सीलिंगला भोक पाडून पोल स्लॅबपर्यंत न्यावा लागतो, त्यासाठी एक्सटेन्शन मिळतं. उंची जमिनीपासून स्लॅबपर्यंत, नेमक्या त्याच जागी मोजा. छतावर आणि खालच्या टाइलवर टकटक करून बघा. पोकळ आवाज आला तर प्लास्टर सुटेल किंवा टाइल तडकेल, जागा बदला. कौलारू घरात दाबाचा पोल बसतच नाही, तिथे जड पायावर स्वतंत्र उभा राहणारा स्टेज पोल घ्यावा लागतो.

पंख्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. नेहमीच्या १२०० मिमी पंख्याचं पातं मध्यापासून ६० सेंमी बाहेर येतं आणि पोलभोवती दीड मीटर मोकळी जागा लागते. १० बाय १२ च्या खोलीत मधोमध पंखा असेल तर पोलला जागाच उरत नाही. पंखा उतरवून भिंतीवर लावा.

बसवताना गवंड्याचा ओळंबा लावा आणि एकमेकींशी काटकोनात असलेल्या दोन बाजूंनी सरळपणा तपासा. पहिल्या सरावानंतर दाब थोडा उतरतो, पुन्हा आवळा. त्यानंतर रोज, चढण्याआधी, दोन्ही हातांनी पोल हलवून बघा. खाली योगा मॅट टाकण्यात अर्थ नाही, पडल्यावर धक्का झेलणारी, १० सेंमी जाडीची क्रॅश मॅट हवी.

स्टॅटिक आणि स्पिन: पहिल्यात पोल स्थिर आणि तुम्ही फिरता, दुसऱ्यात पोलच बेअरिंगवर फिरतो. दोन्ही प्रकारे चालणारा घ्या आणि निदान पहिले काही महिने स्टॅटिकवरच राहा.

सुरुवात आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मधे सुट्टीचा दिवस, एका वेळी ४५ मिनिटं पुरे. पहिले प्रकार पोलभोवती चालणं, फायरमन स्पिन (पोल हातापायांनी धरून घेतलेली गिरकी), बेसिक क्लाइंब (वर चढणं), पोल सिट (मांड्यांत पोल आवळून बसणं). वरच्या हाताला लोंबकळताना खांदा कानाला भिडू देऊ नका. खांद्याचं पातं आधी खाली ओढा, मग पाय उचला. डाव्या बाजूनेही तितकंच करा. मांडीवर आणि पावलाच्या वरच्या भागावर निळे डाग पडतील, ते उतरतात. मनगटात किंवा कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागलं तर मात्र थांबा, ते स्नायूबंधांचं दुखणं असतं आणि रेटून बरं होत नाही.

मल्लखांब येणाऱ्यांना एक इशारा वेगळा द्यायला हवा. उलटं होण्याची भीती तुम्हाला नसते आणि पायांची पकड तयार असते, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात इन्व्हर्ट, म्हणजे पाय वर आणि डोकं खाली, करावासा वाटतो. पण मल्लखांबावर तुमचे हात बहुतेक वेळा कवळत होते, पोलवर ते लोंबकळणार आहेत. आधी ही चाचणी द्या: पोल बगलेत धरून उभं राहा, उडी न मारता, झोका न घेता दोन्ही गुडघे हळूहळू छातीशी आणा, तीन श्वास थांबा आणि तितक्याच हळू खाली न्या. दोन्ही बाजूंनी, सलग पाच वेळा. चौथ्या वेळी पाय आपटले तर इन्व्हर्ट अजून लांब आहे.