पिकअप म्हणजे नेमकं काय उचललं?

सोलापुरात कुणी ‘पिकअप किती?’ विचारलं, तर आधी तो कुठं उभा आहे ते पाहावं लागतं. इंग्रजी क्रियापद साधं, उचलणं. काय उचललं, त्यावर अर्थ ठरतो.

१९२५ मध्ये फोर्डने मॉडेल टीला मागे उघडा हौदा बसवून ‘पिकअप बॉडी’ विकायला काढली. आज टॉवेलचे गठ्ठे वाहणारी पिकअप त्याच नावाची. त्याच दशकात ग्रामोफोनच्या खाचेतलं कंपन उचलून त्याची वीज करणारा भागही पिकअप झाला. गिटारीत हेच काम चुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार करते. म्हणून त्या पिकअपला पोलादी तार लागते, नायलॉनची चालत नाही. ‘गाडीला पिकअप नाही’ म्हणताना आपण वेग उचलण्याबद्दल बोलतो. इंजिन गरजतंय पण गाडी रेटत नाही, तर आधी क्लच बघावा. इंजिनच दबतंय, तर एअर फिल्टर.

सायझिंगचा, म्हणजे विणण्याआधी सुताला खळ लावण्याच्या कामातला, पिकअप मात्र हिशेबाचा. १०० किलो कोरड्या सुतानं १२० किलो ओली खळ उचलली, तर पिकअप १२० टक्के. खळीत १० टक्के घन भाग असेल, तर वाळल्यावर सुतावर १२ किलो राहते. पिळणाऱ्या रोलरचा दाब वाढला की पिकअप उतरतो. खळ दाट झाली की उचललेली ओली खळ आणि वाळून उरलेली, दोन्ही आकडे हलतात. पिकअप कमी पडला तर सुताची लव उभी राहते, ताण्याचे (उभे) धागे मागाच्या फणीत घासून तुटतात. जास्त झाला तर सूत कडक होऊन मोडतं आणि मागाखाली पांढरी भुकटी साचते. रोलरचा दाब एका बाजूला कमी असेल, तर बीमची, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळाची, एक कड चांगली आणि दुसरी रडवणारी. हा दोष सायझिंगवाला विणकराच्या माथी मारतो, हेही नेहमीचंच.

आता खरी गंमत. १८७७ मध्ये सोलापुरात ‘जुनी गिरणी’ म्हणतात ती कापडगिरणी उभी राहिली आणि यंत्रांबरोबर त्यांचे इंग्रजी शब्दही आले. कापडाच्या विणीबद्दल म्हणतात त्या ‘इंचाला ४० पिक’ यातला पिक उचलण्याचा नाही. तो फेकण्याचा, क्रिकेटच्या ‘पिच’चा भाऊबंद. धागा आरपार नेणारा धोटा एकदा फेकला, बाण्याचा एक आडवा धागा पडला, एक पिक झाला. धोटा फेकणारा दांडा म्हणून पिकिंग स्टिक. तिचा पट्टा ढिला झाला की फेक कमी पडते, धोटा समोरच्या पेटीत पुरता पोचत नाही आणि माग धाडकन थांबतो.