पद्मिनीची बसलेली कमान

जुनी प्रीमियर पद्मिनी सजवायला घेतली की बहुतेकांचा पैसा रंग, क्रोम आणि गाद्यांपाशीच संपतो. गाडी चकचकीत होऊन बाहेर येते, पण मागून पाहिलं तर एक तर ती बसलेली असते, नाहीतर पाठ विनाकारण वर उचललेली. दोन्ही खोडी एकाच जागच्या: मागचे पाटे, म्हणजे गाडीचा भार तोलणाऱ्या कमानीतल्या पोलादी पट्ट्या. आणि त्या गाडीच्या मूळ रचनेतून आलेल्या नाहीत, मुंबईने तिच्याकडून करून घेतलेल्या कामातून आल्या आहेत.

पोलादाच्या पट्ट्या एकाखाली एक रचून केलेली कमान मोटारीपेक्षा बरीच जुनी. युरोपातल्या घोडागाड्यांना ती आधीपासून होतीच. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला लंडनच्या ओबाडाया इलियटने लंबगोल कमानीचं पेटंट घेतलं आणि बग्गीचा डबा थेट कमानींवर बसवायची सोय झाली. मुंबईच्या व्हिक्टोरियाही याच कुळातल्या. मोटारींनी ही कमान आयतीच उचलली. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीला पुढे एक आणि मागे एक, अशा आडव्या कमानी होत्या. पुढे चालली ती मात्र दुसरी मांडणी, हॉचकिस या फ्रेंच कंपनीच्या नावाने ओळखली जाणारी. तिच्यात गाडीच्या लांबीत बसवलेले पाटे नुसता भार तोलत नाहीत, तर मागचा अ‍ॅक्सल (मागची दोन चाकं जोडणारा आडवा दांडा) जागच्या जागी धरून ठेवतात आणि इंजिनाचा रेटा, ब्रेकचा झटका, सगळं अंगावर घेतात. एका भागात तीन कामं होत असल्यावर कारखानदार ती का सोडतील?

फियाटने १९५३ मध्ये ११००/१०३ आणली तेव्हा पुढे कॉइल स्प्रिंग (गुंडाळीची स्प्रिंग) आणि मागे पाटे अशीच विभागणी होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनू लागली. १९६४ ची ११०० डिलाइट आणि मग सत्तरच्या दशकात पद्मिनी, नावं बदलली तरी मागचे पाटे तेच. अ‍ॅम्बॅसॅडरच्या पुढच्या बाजूला टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन भार तोलणारी दांडी, पण पाठीमागे तिलाही पाट्यांचाच आधार.

इटलीत ही चौकोनी कुटुंबाची गाडी होती. मुंबईत ती काळी-पिवळी टॅक्सी झाली. ड्रायव्हर, चार उतारू, टपावरच्या कॅरियरवर ट्रंका आणि वळकट्या, समोर खड्डे, आणि हे रोज, वर्षानुवर्षं. २००० च्या आसपास टॅक्सींना सीएनजी आला आणि डिकीत लोखंडी सिलिंडर जाऊन बसला. तो रिकामा असतानाच पन्नास किलोंच्या घरात, तोही बरोबर मागच्या पाट्यांच्या डोक्यावर. पाटे बसणारच. नवा संच घेण्यापेक्षा जुने ठोकून पुन्हा वाक देऊन घेणं स्वस्त, आणि त्याहून सोपं म्हणजे एक जास्तीचा पाटा घालणं. टॅक्सीवाल्याच्या हिशेबाने ते शहाणपणाचंच होतं. पण तीच गाडी सिलिंडर काढून हौशी मालकाकडे आली की जादा पाटा तिला रिकामी असताना उचलून धरतो आणि धक्के सरळ बॉडीत पोचवतो. पद्मिनीला वेगळी चासी (बॉडीखालचा सांगाडा) नाही, पाट्यांची टोकं बॉडीच्या पत्र्यालाच ब्रॅकेटने धरलेली असतात. पत्रा गंजलेला असेल तर तडा तिथेच जातो. म्हणून या कामाची पहिली पायरी घण नव्हे. पाटे मोजायचे आणि मागाहून घातलेला ओळखून बाजूला काढायचा.

सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट सोडून संच उकलला की पाट्यांमधून गंजाच्या खपल्या पडतात. घासून साफ केल्यावर वरच्या पाट्याच्या पोटाकडे नीट पाहावं. खालच्या पाट्याच्या टोकाने घासून घासून तिथे आडवी खाच पाडलेली असते. ती नखाला चांगली अडकत असेल तर तो पाटा ठोकायच्या भानगडीत पडू नये, बदलावा. मधल्या भोकाशी केसासारखी चीर असेल तर प्रश्नच मिटला. संच अ‍ॅक्सलला आवळणारे यू बोल्ट ढिले ठेवून गाडी पळवल्याचं ते फळ.

ठोकण्याची जुनी पद्धत अशी: पाट्याची पोकळ बाजू वर, खाली खाच असलेली ऐरण, आणि इंच-इंच सरकवत घणाचे घाव. वाक परत येतो, दिसतोही देखणा. तो टिकत का नाही, याचं उत्तर कारखान्यात आहे. नवी कमान तयार झाली की तिला एकदा मुद्दाम मर्यादेबाहेर दाबतात. त्यामुळे पुढे ज्या बाजूवर ताण येणार, त्या वरच्या बाजूच्या पोलादात आधीच दाब साठून राहतो आणि रस्त्यावरचा ताण त्यातून वजा होतो. थंड पाटा ठोकून उलट वाकवला की हीच शिल्लक पुसली जाते, म्हणून तो काही महिन्यांत पुन्हा बसू लागतो. भट्टीत नुसता लाल करून वाकवला तर त्याहून वाईट, पोलादाचं पाणीच उतरतं. नीट काम म्हणजे सिलिकॉन-मँगनीज पोलाद सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवून वाक द्यायचा, तेलात विझवायचं, पुन्हा साधारण ५०० अंशांच्या आसपास तापवून कडकपणा उतरवायचा आणि शेवटी दाबून बसवायचं. हे सगळं करणार नसाल तर नवे पाटे बनवून घेतलेले बरे.

अडचण ती बनवणाऱ्यांची आहे. पद्मिनीचं उत्पादन या शतकाच्या तोंडावर थांबलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वयोमर्यादा संपली. पाटेवाल्यांची दुकानं तशी टॅक्सीवर चालत नव्हतीच, ती ट्रकवर चालत. आता ट्रकनाही पॅराबोलिक पाटे येऊ लागलेत: संख्येने कमी, मधे जाड आणि टोकांकडे निमुळते. तो निमुळतेपणा कारखान्यातल्या रोलिंगमध्येच, म्हणजे पट्टी रुळांमध्ये लाटतानाच येतो. सरळ पट्टी कापून, भोक पाडून, ऐरणीवर वाकवून असा पाटा दुकानात होत नाही.