अशक्त पिल्लू (कोंबडीचे)

अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लांपैकी जे भावंडांच्या मानाने निस्तेज, अंगाने थंड किंवा पायांवर नीट उभे न राहणारे असते, त्याला अशक्त पिल्लू म्हणतात. परसात खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली दहा-बारा अंडी बसवली की असे एखादे पिल्लू निघणे नेहमीचेच आहे. त्याला वाचवण्याच्या धडपडीत सर्वांत मोठी चूक मायेपोटीच होते: पिल्लू उचलून घरात एका खोक्यात एकटे ठेवले जाते. एकटे पडलेले पिल्लू उंच, तीक्ष्ण आवाजात सतत ओरडत राहते आणि अंगात होती नव्हती ती ताकद त्यातच घालवते.

अशक्तपणा म्हणजे दर वेळी आजार नव्हे; पुष्कळदा तो केवळ उशीर असतो. कोंबडीची अंडी साधारण 21 दिवसांनी फुटतात, पण एका घरट्यातील पहिले आणि शेवटचे पिल्लू यांच्यात एका दिवसाचे किंवा त्याहून अधिक अंतर पडू शकते. कवच फुटण्याच्या सुमारास पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि त्यावर दोन ते तीन दिवस काढू शकते; म्हणून आधी निघालेली पिल्ले आईच्या पोटाखाली निवांत थांबतात. मात्र ती चारा शोधायला अधीर झाली की कोंबडी त्यांना घेऊन उठते आणि मागून निघालेले ओलसर पिल्लू घरट्यातच गारठते. कवचाला पहिले छिद्र पडल्यापासून बाहेर येईपर्यंत एखादा दिवसही लागू शकतो, म्हणून घाईने कवच सोलू नये. आतल्या पापुद्र्यातील रक्तवाहिन्या तेव्हा जिवंत असतात. त्या फाटल्या तर रक्तस्राव होतो, शिवाय बलक पुरता आत गेलेला नसतो.

पहिली गरज उबेची असते, दाणा-पाणी त्यानंतर. जेमतेम 35 ते 40 ग्रॅम वजनाच्या, आणि गावठी जातीत त्याहूनही लहान, या जीवाला पहिले काही दिवस स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. पिल्लाचे तळवे आपल्या गालाला लावून पाहावेत. ते गार लागले तर पिल्लू गारठले आहे असे समजावे. अशा पिल्लाला आधी ऊब द्यावी, कारण गारठलेल्या अवस्थेत पाजलेले पाणी त्याला गिळवत नाही आणि खाल्लेले पचत नाही. आई नसेल तर बल्बखाली पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंश सेल्सिअस तापमान ठेवतात आणि पुढे दर आठवड्याला ते तीनेक अंशांनी उतरवतात. तापमापक नसला तरी पिल्लेच सांगतात: बल्बखाली एकमेकांवर चढून बसली तर ऊब कमी आहे, चोच वासून कडेला पळाली तर जास्त आहे.

अंग गरम झाल्यावर कोमट पाण्यात थोडा गूळ विरघळवून चोचीचे टोक त्यात अलगद बुडवावे, किंवा चोचीच्या कडेला एक थेंब लावून पिल्लाला तो स्वतः गिळू द्यावा. घशात पाणी ओतल्यास ते श्वासनलिकेत जाते आणि पिल्लू गुदमरते. पाण्याच्या उथळ ताटलीत खडे टाकावेत, कारण दमलेले पिल्लू बोटभर पाण्यातही तोंडघशी पडून मरते. मक्याचा बारीक भरडा कागदावर पसरून त्यावर बोटाने टकटक केली की पिल्लू टोचू लागते. आई चोचीने हेच करते. छातीच्या वरची अन्नाची पिशवी संध्याकाळी बोटांनी चाचपावी: ती मऊ व भरलेली असेल तर दाणा-पाणी दोन्ही पोटात गेले आहे, कडक लागली तर पाणी कमी पडले आहे.

भावंडांची सोबत लागते आणि त्यांच्यापासून राखावेही लागते, यातच या संगोपनाची खरी कसोटी आहे. धडधाकट पिल्ले मुद्दाम त्रास देत नाहीत. ती उबेसाठी रेटतात, वरून चालतात आणि डोळा, बोट किंवा रक्ताचा ठिपका असे जे चमकेल ते टोचतात. रक्त दिसले की टोचाटोची थांबत नाही. म्हणून भावंडे ठेवलेल्या पेटीतच, उबेच्या बाजूला, बारीक जाळीचा आडोसा करून अशक्त पिल्लाला वेगळे ठेवावे. भावंडांची किलबिल त्याला ऐकू येते, त्यांना टिपताना पाहून तेही टिपू लागते, पण पायाखाली तुडवले जात नाही. शक्य असल्यास भावंडांतील एखादे शांत पिल्लू सोबतीला द्यावे. आमच्या मते हा उपाय गूळपाण्याइतकाच मोलाचा आहे.

काही दोष नेमके ओळखता येतात. शेपटीखाली विष्ठा चिकटून मार्ग बंद झाला असेल तर कोमट पाण्याच्या बोळ्याने ती भिजवून काढावी व पिल्लू लगेच कोरडे करावे. मात्र तिथून जरा पुढे पोटावर असलेली बेंबीची वाळलेली खपली कधीही ओढू नये. गुळगुळीत वर्तमानपत्रावर ठेवलेल्या पिल्लांचे पाय फाकतात. अशा वेळी खाली खरखरीत गोणपाट घालून दोन्ही पाय मऊ चिकटपट्टीने, उभे राहता येईल एवढे अंतर ठेवून, तीन-चार दिवस जोडून ठेवतात. पायाची बोटे आत वळणे हे ब-2 जीवनसत्त्वाच्या अभावाचे लक्षण असू शकते.

बेंबी लाल, ओली व दुर्गंधीयुक्त असेल, किंवा एकाहून अधिक पिल्ले पंख पाडून बसली असून पांढरी हगवण दिसत असेल, तर जाळीचा आडोसा पुरत नाही. तिथे संसर्गाची शक्यता असते आणि उरलेल्या पिल्लांच्या बचावासाठी आजारी पिल्लांना पूर्ण वेगळे करून पशुवैद्यकाला दाखवावे लागते. बेंबी सुजलेली पिल्ले बहुतेक पहिल्या आठवड्यातच दगावतात, कितीही जपले तरी.

बरे झालेले पिल्लू दिवसा एकदम कळपात सोडत नाहीत. अंधार पडल्यावर, कोंबडी डालग्याखाली (कोंबड्या झाकण्याच्या टोपलीखाली) स्थिरावली की, हात आत घालून ते तिच्या पंखाखाली सरकवतात आणि उजाडताच डालगे उचलण्यापूर्वी कोंबडी त्याला टोचत नाही ना, हे पाहून घेतात.