दुर्बिणीची शस्त्रक्रिया, खोकला आणि पाठीतली सुई

फुफ्फुसातली गाठ काढायची असो की क्षयानंतर छातीत साचलेला पू, आता बऱ्याचदा छाती मोठी उघडावी लागत नाही. काही सेंटिमीटरच्या एक ते तीन छेदांतून दुर्बीण आणि हत्यारं आत जातात. नातेवाईक पट्टी बघून म्हणतात, ‘एवढंसंच तर आहे!’ पण रुग्णाला खोकायला सांगा. तो हाताने कूस दाबून धरतो आणि अर्ध्यावरच थांबतो.

प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला एक खाच असते. तिच्यात शीर, रोहिणी आणि सर्वांत खाली नस (म्हणजे वेदना पोचवणारा मज्जातंतू), अशी तिघांची रांग असते. दोन बरगड्यांमधल्या अरुंद फटीत दुर्बीण कलती-वळती करताना ही नस चेपली जाते. वर शस्त्रक्रियेनंतर छातीत ठेवलेली निचऱ्याची नळी दर श्वासाला आतल्या आवरणाला घासते. मग श्वास उथळ होतो, कफ साचतो, फुफ्फुसाचा खालचा भाग मिटतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. श्वासाच्या व्यायामाच्या तीन चेंडूंच्या यंत्रातून श्वास ओढताना पहिलाच चेंडू जेमतेम हलतो. मॉर्फिनने दुखणं कमी होतं, पण मळमळ आणि गुंगी येते, श्वासही मंदावतो. म्हणून सुईने औषध देऊन नसच बधिर करणं, म्हणजे ‘ब्लॉक’, आम्हाला जास्त पटतं.

पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक सर्वांत नेमका. मणक्याच्या बाजूला, नस पाठीतून बाहेर पडते तिथेच, पाचरीच्या आकाराची छोटी पोकळी असते. भूलतज्ज्ञ सोनोग्राफीत बघत सुई तिथे नेतात. औषध सुटलं की फुफ्फुसाचं चकाकतं आवरण खाली दबताना दिसतं. जागा बरोबर असल्याची ती खूण. सुई थोडी पुढे गेली तर मात्र आवरण भेदून छातीत हवा शिरू शकते. म्हणून सुईचं टोक दिसत नसेल तर ती पुढे ढकलायची नाही.

२०१६ मध्ये वर्णन झालेला इरेक्टर स्पायनी ब्लॉक सोपा आहे. छातीमागच्या पाचव्या मणक्याच्या पातळीवर, मधल्या रेषेपासून सुमारे ३ सेंटिमीटरवर, सुई मणक्याच्या आडव्या हाडावर टेकवून पाठीच्या स्नायूखाली २० ते ३० मिली औषध सोडतात. फुफ्फुस दूर राहतं, पण औषध पुढे नसेपर्यंत किती झिरपेल याचा भरवसा नसतो. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनाशमनाच्या २०२२ च्या ‘प्रॉस्पेक्ट’ मार्गदर्शक सूचनांत पहिली पसंती या दोन्हींना आहे.

हिशेब चुकतो तो मात्रेत. बुपिव्हॅकेन हे बधिर करणारं औषध किलोमागे २ मिलिग्रॅम धरलं, तर ५० किलोच्या माणसाला १०० मिलिग्रॅम, म्हणजे ०.२५ टक्क्यांचं ४० मिली. सर्जन छेदाभोवती टोचतात ते औषधही यातच मोजायचं. मात्रा वाढली किंवा औषध थेट रक्तात गेलं तर ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात गुणगुण, पुढे झटके, हृदयाचे ठोके बिघडणं. उपाय म्हणजे शिरेतून द्यायचं २० टक्क्यांचं लिपिड इमल्शन (स्निग्ध द्रावण), आधी किलोमागे १.५ मिली. ब्लॉक सुरू करण्याआधी ते हाताशी असलंच पाहिजे.

एकदाच दिलेल्या ब्लॉकचा असर साधारण अर्ध्या दिवसात ओसरतो, तोही नेमका मध्यरात्री. त्यामुळे पॅरासिटामॉल ‘दुखलं तर’ नव्हे, घड्याळ बघून द्यावं. अनेकांचा खांदाही ठणकतो. ती कळ मानेतून छाती-पोटामधल्या पडद्याच्या स्नायूकडे उतरणाऱ्या नसेची असते, पाठीतला ब्लॉक तिच्यापर्यंत पोचत नाही. खांदा दुखला म्हणजे ब्लॉक फसला असं नाही. मात्र नर्सला नेमकी जागा सांगा, कारण औषध त्यावरून ठरतं.