दुगुन म्हणजे द्रुत लय नव्हे

लय आणि ताल यांतला फरक इथे उगाळत बसत नाही. मात्रांचा, म्हणजे ठोक्यांचा, वेग ती लय, त्या मात्रांचं बांधलेलं आवर्तन तो ताल; गाणं शिकणाऱ्याला हे पहिल्या महिन्यात कळतं. पण तीच मंडळी पहिल्यांदा स्वतः चाल बांधायला बसली की दुगुन (लय तीच, पण एका मात्रेत दोन स्वर) आणि द्रुत (लयच जलद) यांची सरमिसळ करतात. "इथे दुगुन घेतली" म्हणतात आणि तबल्याच्या ॲपवरचा लयीचा आकडा वाढवतात. मला याचा मनापासून त्रास होतो, कारण त्याने चाल खरोखर बिघडते.

एक साधी ओळ घेऊ: ‘सांज उतरली दारी’. अक्षरं मोजून आठ, म्हणून केरवा तालाच्या आठ मात्रांत नेमकी बसते. भूप रागाच्या स्वरांत अशी:

सा रे ग प | ध प ग रे
सां ज उ त | र ली दा री

मिनिटाला ६० मात्रा धरल्या तर एक मात्रा एका सेकंदाची, ओळ आठ सेकंदांची. आता लय १२० करा. ओळ चार सेकंदांत संपेल. किंवा लय ६०वरच राहू द्या आणि एकेका मात्रेत दोन-दोन स्वर बसवा:

सारे गप धप गरे

हीसुद्धा चार सेकंदांतच संपते. दोन्हीकडे प्रत्येक स्वर अर्ध्या सेकंदाचा. ठेका (तबल्यावरचे तालाचे बोल) न धरता नुसतं गायलं तर कानाला काहीच वेगळं लागत नाही, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

फरक कळतो तो ओळ संपल्यावर. लय द्रुत केली असेल तर ठेकाही बरोबर धावलेला असतो. आवर्तन पुरं होतं आणि पुढची ओळ समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येते. दुगुन केली असेल तर ठेका होता त्याच वेगाने चालू असतो. ‘धा गे ना ति’ एवढंच वाजून झालेलं असतं, ‘न क धिं ना’ अजून बाकी. तुम्ही पाचव्या मात्रेवर, म्हणजे काळावर (जिथे टाळी न देता हात मोकळा सोडतात) आलेले असता आणि पुढचं अर्धं आवर्तन रिकामं असतं. लय वाढवली तर चालीत एकही स्वर बदलावा लागत नाही. दुगुन घेतली तर उरलेल्या चार मात्रांचं काय करायचं, हे ठरवावंच लागतं. नवशिके ते ठरवत नाहीत, पुढची ओळ तिथेच सुरू करतात आणि मग मुखडा (चालीची सुरुवातीची ओळ) समेऐवजी काळावर येऊन पडतो.

म्हणून ॲप बाजूला ठेवा आणि हाताने टाळी द्या. दुगुनीत जाताना हाताचा वेग वाढला, तर ती दुगुन नाहीच.

दुगुन म्हणजे जलद, हेही डोक्यातून काढून टाका. मिनिटाला ४० मात्रांच्या लयीत दुगुनीतला स्वर पाऊण सेकंदाचा होतो. १२०च्या लयीत बराबरीतला (मात्रेला एक) स्वर अर्ध्याच सेकंदाचा. विलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालात एका मात्रेत चार स्वर आले तरी गाणं संथच राहतं. पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन शिकणारेही इथेच अडतात: क्वेव्हर हा स्वर क्रॉचेट या स्वराच्या निम्म्या लांबीचा असतो, पण तो किती सेकंदांचा, हे टेम्पो (लय) ठरवल्याशिवाय सांगता येत नाही.

लिहिताना भातखंडे स्वरलेखन पद्धतीत एका मात्रेतल्या स्वरांखाली कंस येतो. मोबाइलवर तो काढता येत नसेल तर जोडून ‘सारे’ लिहा आणि पुढे जागा सोडा. ‘सारेगप’ असं सलग लिहून पाठवू नका. वाचणाऱ्याला ती चौगुन (मात्रेत चार स्वर) वाटते. स्वर लांबवायला आडवी रेघ, अक्षर लांबवायला अवग्रह (ऽ), एवढं पुरे.

आणि त्या उरलेल्या चार मात्रा? बहुतेक जण ओळ पुन्हा म्हणून आवर्तन भरतात. ते चुकीचं नाही. मला मात्र ‘दारी’तला ‘री’ काळावर सावकाश ग वर नेऊन तिथेच धरून ठेवायला आवडतं. तेवढ्या वेळात खालचा ठेका स्पष्ट ऐकू येतो आणि सम आपोआप सापडते.