संयुक्त रसायनोपचार

कर्करोगावर दोन किंवा अधिक पेशीनाशक औषधे एकाच वेळी अथवा ठरावीक क्रमाने देण्याच्या पद्धतीस संयुक्त रसायनोपचार म्हणतात. रुग्ण व नातेवाईक या उपचाराला नुसते 'केमो' आणि त्याच्या प्रत्येक फेरीला 'सायकल' म्हणतात. एकाच औषधाने कर्कपेशींचा मोठा भाग मरतो, पण त्या औषधाला दाद न देणाऱ्या मोजक्या पेशी उरतात आणि त्यांच्यापासूनच रोग पुन्हा वाढतो. निरनिराळ्या मार्गांनी मारा करणारी औषधे एकत्र दिली, तर त्या साऱ्यांतून वाचणारी पेशी विरळा. क्षयरोगावर औषधे जोडीने का देतात, याचेही कारण हेच असून, १९६० च्या दशकात फ्राय, फ्रायराइख व हॉलंड या अमेरिकी डॉक्टरांनी मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर चार औषधे एकत्र वापरली तेव्हा तो अनुभव त्यांच्यासमोर होता.

कोणते औषध कोणाशी जोडायचे हे ठरवताना दुष्परिणामांचा हिशेब आधीच करावा लागतो. प्रत्येक औषध त्या रोगावर एकेकटेही गुणकारी असावे आणि प्रत्येकाचा त्रास शरीराच्या वेगळ्या भागाला व्हावा, म्हणजे सर्वांची मात्रा पुरेशी ठेवता येते. वृषणाच्या कर्करोगावरील 'बीईपी' हे याचे सुरेख उदाहरण होय: ब्लिओमायसिनचा धोका मुख्यतः फुप्फुसांना, इटोपोसाइडचा अस्थिमज्जेला, तर सिसप्लॅटिनचा मूत्रपिंड, कान व मज्जातंतूंना असतो. लसिकाग्रंथींच्या कर्करोगावरील 'चॉप' या मिश्रणात डॉक्सोरुबिसिनची आयुष्यभराची एकूण मात्रा हृदयाला इजा होऊ नये म्हणून मोजून ठेवतात, आणि व्हिन्क्रिस्टीनमुळे बोटांना मुंग्या येतात व बद्धकोष्ठ होतो. व्हिन्क्रिस्टीन हे कुंडीत वाढणाऱ्या सदाफुलीतून मिळते. मात्र तिची पाने चघळणे हा उपचार नसून विषबाधेला आमंत्रण आहे. एकाच साथीदाराची भूमिकाही औषधागणिक बदलते. ल्युकोव्होरिन हे फ्लुरोयुरॅसिल या पेशीनाशकाची धार वाढवते, तर मेथोट्रेक्सेट हे दुसरे पेशीनाशक मोठ्या मात्रेत दिल्यानंतर निरोगी पेशींना वाचवते. जोडीतून नवे धोकेही निर्माण होतात. मेथोट्रेक्सेट पाठीच्या कण्यातूनही देतात, व्हिन्क्रिस्टीन मात्र फक्त शिरेतूनच द्यायचे असते. चुकून कण्यात गेल्यास ते बहुधा प्राणघातक ठरते, म्हणून ते सिरिंजऐवजी सलाइनच्या छोट्या पिशवीतून देण्याचा आग्रह धरला जातो.

अनेक सायकली २१ दिवसांच्या असतात, कारण अस्थिमज्जेला सावरायला साधारण तेवढा अवधी लागतो. बऱ्याच औषधांनंतर पांढऱ्या पेशी ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान तळाला जातात. यालाच 'काउंट पडणे' म्हणतात. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राचे 'ॲक्ट्रेक' हे उपचार व संशोधनाचे केंद्र आहे. डे-केअरमध्ये केमो घेऊन ठाणे, कळवा वा ऐरोलीला परतणारा रुग्ण लोकलमध्ये बसतो तेव्हा त्याला बहुधा बरे वाटत असते. खरा जोखमीचा काळ सुरू होतो तो घरी, आठवड्याभराने. म्हणून दुष्परिणामांची माहिती डॉक्टरांइतकीच घरच्यांनाही हवी, हे पुनःपुन्हा सांगावे लागते.

त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ताप. ठाण्या-नवी मुंबईत पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू, लेप्टोची साथ असते, आणि अंगात कणकण आली की "व्हायरल असेल" म्हणून पॅरासिटामॉल घेऊन दोन दिवस वाट पाहण्याची सवय घरोघरी आहे. केमो घेणाऱ्याच्या बाबतीत ती जिवावर बेतू शकते. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्ताच्या एका घन मिलिमीटरमागे ५०० च्या खाली गेल्या असताना साधा जंतुसंसर्गही काही तासांत रक्तात पसरतो, आणि पॅरासिटामॉलने त्याची एकमेव खूण असलेला ताप झाकला जातो. थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट वा अधिक ताप दिसताच, रात्र असली तरी, उपचार चालू असलेल्या रुग्णालयाशी संपर्क साधून निघावे. तेथे पोहोचल्यावर तासाभरात प्रतिजैविक सुरू होणे अपेक्षित असते.

उलटीचा त्रास आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. ऑन्डान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन, ॲप्रेपिटंट व ओलान्झापिन ही औषधेही जोडीनेच, केमोच्या आधीपासून देतात. केस बहुधा दोन-तीन आठवड्यांत गळतात व उपचारानंतर परत येतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील 'फोलफॉक्स'मध्ये ऑक्झालिप्लॅटिन असते; ते घेतल्यावर काही दिवस गार वस्तूचा स्पर्श विजेसारखा झोंबतो, म्हणून बर्फ घातलेला उसाचा रस किंवा फ्रिजमधले पाणी टाळावे. काढे, चूर्णे व अन्य औषधे डॉक्टरांपासून लपवू नयेत, कारण काहींमुळे केमोच्या औषधांची रक्तातील पातळी बदलते. गाऊटवरचे ॲलोप्युरिनॉल चालू असताना मर्कॅप्टोप्युरीन या केमोच्या औषधाची मात्रा सुमारे एक-चतुर्थांशावर आणावी लागते.

काही परिणाम वर्षांनी दिसतात. हॉजकिन लिम्फोमा हा लसिकाग्रंथींचा कर्करोग बरा होऊ शकतो हे ज्या 'मॉप' मिश्रणाने दाखवून दिले, त्याचे निष्कर्ष डीव्हिटा व सहकाऱ्यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केले. परंतु त्यातून बरे झालेल्या अनेक तरुणांना वंध्यत्व आले आणि काहींना पुढे रक्ताचा कर्करोग झाला. हे धोके कमी असलेले मिलानच्या बोनाडोना यांचे 'एबीव्हीडी' पुढे त्याच्या जागी आले. तरीही कोणतेही मिश्रण घेण्यापूर्वी तरुण रुग्णाने वीर्य किंवा बीजांडे गोठवून ठेवण्याविषयी डॉक्टरांना विचारणे गरजेचे आहे, आणि ते पहिल्या सायकलच्या आधीच.