सट्ट्याच्या टिपांची फसवणूक

सामन्याचा निकाल आधीच ठाऊक आहे, किंवा तो हमखास ओळखण्याची युक्ती आपल्याकडे आहे, असे खोटे सांगून पैज लावणाऱ्यांकडून पैसे काढण्याचा प्रकार. क्रिकेट, फुटबॉल, टेनिस, घोड्यांच्या शर्यती अशा जिथे जिथे सट्टा चालतो तिथे तो आढळतो. टिप चुकणे हा गुन्हा नव्हे. अंदाज कुणाचाही चुकतो. विकणाऱ्याने माहितीचा स्रोत, पूर्वीचे यश किंवा पैसे परत देण्याचे वचन याविषयी जाणूनबुजून खोटे सांगितले, त्यावर विसंबून समोरच्याने पैसे दिले, की गुन्हा होतो. तक्रारी लंगड्या पडतात त्या इथेच. ‘टिप चुकली, पैसे बुडाले’ एवढेच लिहिले जाते आणि ‘सामना फिक्स आहे असे सांगून शुल्क घेतले’ हे मुख्य वाक्य राहून जाते.

विभागणीची युक्ती

सर्वांत जुनी आणि आजही सर्वांत परिणामकारक रीत म्हणजे लोकांची विभागणी. १,०२४ जणांची यादी घ्यायची. पहिल्या सामन्यासाठी ५१२ जणांना ‘अ’ संघ जिंकेल असे कळवायचे, उरलेल्या ५१२ जणांना ‘ब’. हरलेल्या बाजूच्या लोकांना पुन्हा निरोप जात नाही. पुढच्या सामन्याला २५६–२५६, मग १२८–१२८. पाच सामन्यांनंतर ३२ माणसे अशी उरतात की त्यांना आलेली एकही टिप चुकलेली नसते. सहावी टिप विकत घ्यायची ती या ३२ जणांनी. त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त आपला अनुभव असतो. गळालेले ९९२ जण त्यांना दिसतच नाहीत. म्हणून ‘मी स्वतः पाच वेळा पडताळून पाहिले’ असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो, आणि त्याला समजावणे फार अवघड जाते. २००८ साली ब्रिटिश जादूगार डेरेन ब्राउन यांनी दूरचित्रवाणीवर हाच प्रयोग उघड करून दाखवला. ७,७७६ माणसे सहा गटांत वाटत गेल्यावर पाच शर्यतींनंतर एका महिलेला पाचही विजेते घोडे बरोबर मिळाले होते.

यादी न करताही हेच साधते. एखाद्या मेसेजिंग अ‍ॅपवर दहा-बारा खाजगी चॅनेल उघडायचे, प्रत्येकात वेगळा अचूक स्कोअर सामन्याआधी टाकायचा, निकाल लागल्यावर बरोबर ठरलेला चॅनेल सार्वजनिक करून बाकीचे पुसून टाकायचे. संदेशावरची वेळ खरी असते, म्हणून तो पुरावा वाटतो. २०१४च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यानंतर समाजमाध्यमावरच्या एका खात्याने जर्मनीचा विजय आणि गोल करणारा खेळाडू आधीच सांगितल्याचे पसरले. त्या खात्यावर अनेक शक्यता लिहून ठेवून चुकलेल्या पुसल्या होत्या. जिंकलेल्या पैजांच्या पावत्यांचे स्क्रीनशॉट तर त्याहून सोपे: ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावरचा आकडा कुणालाही दोन मिनिटांत बदलता येतो.

पैसा कुठून येतो

‘टिप चुकली तर शुल्क परत’ ही हमी प्रामाणिकपणाची खूण वाटते, पण तीच सापळा असते. शंभर जणांना एक बाजू, शंभर जणांना दुसरी विकली, तर हरलेल्या शंभरांचे पैसे खरोखर परत करूनही जिंकलेल्या शंभरांचे शुल्क हाती राहते. प्रत्यक्षात परतही क्वचितच मिळते; ‘पुढची टिप मोफत’ म्हणून वेळ मारून नेली जाते.

टिपा फुकट वाटणाऱ्यांची कमाई वेगळ्या वाटेने येते. त्यांच्या दुव्यावरून जो पैज लावणारा बुकीकडे, म्हणजे पैजा स्वीकारणाऱ्याकडे, खाते उघडतो, त्याच्या तोट्यातला ठराविक हिस्सा त्यांना मिळत राहतो. म्हणजे टिप जितकी वाईट तितकी कमाई जास्त. हा करार लपवणे हा फसवणुकीचा कमी ओळखला जाणारा पण फार पसरलेला प्रकार आहे.

तिसरी वाट बनावट अ‍ॅपची. टिप देणाराच विशिष्ट अ‍ॅपवर पैसे भरायला लावतो. पहिली छोटी रक्कम लगेच काढू दिली जाते, कारण मोठी रक्कम त्या विश्वासावर येते. पडद्यावर शिल्लक वाढत जाते, पण ती नुसती आकड्यांची नोंद असते. काढायला गेल्यावर आधी ‘कर’, मग ‘पडताळणी शुल्क’, मग ‘खाते गोठले आहे, ठेव भरा’. खरा कर शिलकीतून वजा करता येतो, तो वेगळा मागण्याचे कारणच नसते. हा एक मुद्दा लक्षात राहिला तरी बरेच पैसे वाचतात.

फिक्स सामन्याचा दावा

खरोखर ठरवलेला सामना उघड बाजारात विकता येत नाही. हजार जणांनी एकाच निकालावर पैसे लावले की भाव कोसळतो, बुकी तो बाजार बंद करतो आणि ठरवणाऱ्यांचाच फायदा बुडतो. म्हणून अशी माहिती दोन-चार माणसांतच फिरते. अमेरिकेतील एनबीए या बास्केटबॉल लीगचा पंच टिम डोनाघी आपल्या सामन्यांविषयीचे इशारे मोजक्या साथीदारांना सांकेतिक भाषेत फोनवरून देत असे. २००७ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि २००८ मध्ये त्याला १५ महिन्यांची कैद झाली.

दावे तपासायला साधे गणित पुरते. दोन्ही बाजूंचा भाव १.९१ असेल, म्हणजे जिंकल्यावर लावलेल्या १ रुपयाचे १.९१ रुपये हाती येत असतील, तर नुसते ना नफा ना तोटा राहायलाच १००पैकी ५२.४ पैजा जिंकाव्या लागतात. ५५ टक्के जिंकणारा माणूस दर पैजेवर सुमारे ५ टक्के कमावतो आणि तो खरोखर कुशल मानावा. ‘९० टक्के यश’ खरे असते तर दर पैजेवर सुमारे ७२ टक्के नफा झाला असता. असा माणूस टिपा कशाला विकेल? दहापैकी सात टिपा बरोबर येणे तर काहीच सिद्ध करत नाही. नाणे उडवून अंदाज बांधणाऱ्या शंभर जणांपैकी सरासरी सतरा जणांना सात किंवा अधिक बरोबर मिळतात. ५५ आणि ५२.४ टक्क्यांतला फरक नशिबापासून वेगळा काढायला हजाराहून अधिक टिपांची नोंद लागते, तीही प्रत्येक टिपेच्या वेळच्या भावासह आणि त्रयस्थाने ठेवलेली.

कायदा आणि शिक्षा

ब्रिटनमध्ये २००६च्या फसवणूक कायद्यानुसार खोट्या निवेदनाने फसवल्यास १० वर्षांपर्यंत कैद होते. समोरच्याचे प्रत्यक्ष नुकसान झालेच पाहिजे अशी अट नाही. लाभाच्या किंवा नुकसान करण्याच्या हेतूने लबाडीने केलेले खोटे निवेदन पुरते. अमेरिकेत फोन वा इंटरनेटवरून केलेल्या फसवणुकीला संघीय कायद्यात २० वर्षांपर्यंत कैद आहे. प्रत्येक फोन, प्रत्येक संदेश हा स्वतंत्र आरोप होऊ शकतो, आणि पीडितांची भरपाई शिक्षेसोबतच ठरते.

भारतात १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८(४) लागते: फसवून मालमत्ता द्यायला लावल्यास ७ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. संगणक वा फोनच्या साहाय्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ड, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. ‘जिंकलेल्या पैशांतला आमचा वाटा दे, नाहीतर’ अशी धमकी आली तर खंडणीचे कलम ३०८ जोडले जाते. पैशांच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात करणाऱ्याला २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे. पकडले गेल्यावर पैसे परत केले म्हणून खटला आपोआप मिटत नाही. ३१८(४)खालील तडजोडीला न्यायालयाची परवानगी लागते.

कमिशनसाठी आपले बँक खाते वापरायला देणारेही यात सापडतात. पैशांचा माग आधी त्यांच्याच दारात येतो आणि पैसे कुठून आले हे ठाऊक असल्याचे सिद्ध झाले तर काळा पैसा फिरवल्याचा स्वतंत्र गुन्हा लागतो. भारतात त्याला ३ ते ७ वर्षे, ब्रिटनमध्ये १४ वर्षांपर्यंत कैद आहे.

तक्रार आणि पुरावा

आपली पैजच बेकायदा होती या भीतीने पुष्कळ जण गप्प बसतात आणि ठकसेनांचा भरवसा त्यावरच असतो. पैजेची रक्कम दिवाणी दाव्याने वसूल करणे अवघड असते हे खरे. भारतात १८७२च्या करार कायद्याचे कलम ३० असे करार निरर्थक ठरवते. मात्र फसवणूक हा वेगळा गुन्हा आहे आणि पीडित स्वतः पैज लावत होता हा सहसा त्यावरचा बचाव होत नाही.

पहिले काही तास मोलाचे, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात भराभर सरकतात. आधी बँकेला कळवावे. भारतात त्याबरोबर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर. मग चॅट पूर्ण उतरवून घ्यावी, चॅनेलचे नाव आणि दुवा दिसेल असे स्क्रीन-रेकॉर्डिंग करावे, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, ज्या खात्यात पैसे गेले ते, तारीख व वेळ एका कागदावर लिहावी. समोरच्याला जाब विचारायचा तो हे सगळे झाल्यावरच. आधी विचारला तर चॅनेल पुसला जातो. रागाने स्वतःची चॅट पुसणे ही सर्वांत सर्रास घडणारी चूक आहे.

काही दिवसांनी बहुधा आणखी एक फोन येतो: ‘तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो, आधी फी भरा.’ फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. त्यामुळे फोन करणाऱ्याला नेमकी रक्कम आणि तारीख ठाऊक असली, तरी तो पोलीस वा वकील असल्याचा तो पुरावा नव्हे.